पाटी लॅटव्हियाची, झाड उलटे

फोटोतली माणसे खेड्यातली आहेत. अंगावर रोजचे कपडे, मागे शेत आणि रान, चेहरे फोटोसाठी उभे राहिल्यावर होतात तसे जरा अवघडलेले. सगळे जिथल्या तिथे आहे, फक्त पाय जमिनीला टेकलेले नाहीत. ती हवेत उभी आहेत. उडण्याचा आव नाही की चमत्काराचा नाही. एखाद्या न दिसणाऱ्या ओट्यावर उभे राहावे तशी निवांत उभी आहेत. काश्पार्स पॉद्निएक्स या कलावंताने आपल्या द्रुस्ती गावातल्या लोकांना ट्रॅक्टरच्या आधाराने उचललेल्या छोट्याशा फळीवर चढवले आणि फळी दिसणार नाही अशा बेताने कॅमेरा लावला. बस, एवढीच करामत.

हे फोटो २०१३ साली व्हेनिस बिएनालेत, म्हणजे व्हेनिसला साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, लागले होते. त्याच दालनात क्रिश्स साल्मानिसने एक अख्खे झाड छताला उलटे टांगले होते. बुंधा वर, फांद्या खाली, आणि झाड लंबकासारखे संथपणे इकडून तिकडे झुलत होते. दालनाच्या पाटीवर बाल्टिक समुद्राकाठच्या एका लहान देशाचे नाव होते, लॅटव्हिया.

आता गंमत बघा. पाटी वाचली, की झाडाचा अर्थ लागलाच म्हणून समजा. उलटे झाड म्हणजे उपटलेला देश. अधांतरी माणसे म्हणजे दोन महासत्तांच्या मध्ये लोंबकळलेला समाज, किंवा गाव सोडून आयर्लंड-इंग्लंडला मजुरीला गेलेली पिढी. मीही पहिल्यांदा नेमके हेच वाचले होते आणि स्वतःवर खूशही झालो होतो. नंतर वाटले, हेच झाड शेजारच्या एखाद्या मोठ्या देशाच्या दालनात टांगले असते तर? तर मी लंबक, वेळ, निसर्ग, गुरुत्वाकर्षण असले काहीबाही वाचले असते. त्या देशाचा इतिहास फांद्यांत शोधत बसलो नसतो.

लहान देशांच्या कलावंतांना आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात एक जकात भरावी लागते, असे माझे म्हणणे आहे. 'तुम्ही कोण?' या प्रश्नाचे उत्तर ही ती जकात. ते दिल्याशिवाय आत सोडत नाहीत. आणि ते देता देता कला उरते किती, हा खरा प्रश्न.

व्हेनिसची रचनाच तशी आहे. हे प्रदर्शन १८९५ साली सुरू झाले आणि १९०७ मध्ये बेल्जियमने जार्दिनी या बागेत स्वतःची पहिली राष्ट्रीय इमारत बांधली. मग ब्रिटन, जर्मनी, हंगेरी, फ्रान्स, रशिया असे एकेक जण आले. विसावे शतक संपेपर्यंत त्या बागेत २९ कायमची दालने झाली आणि नवीन बांधायला जागा जवळपास उरली नाही. विसाव्या शतकात ज्यांच्याकडे वेळेवर राज्य, पैसा आणि वजन होते त्यांना बागेतले भूखंड मिळाले. उशिरा आलेल्यांनी आर्सेनाले या जुन्या नौदल-गोदीत किंवा शहरातल्या एखाद्या वाड्यात भाड्याची खोली घ्यायची. लॅटव्हिया या उशिरा आलेल्यांत मोडतो. (भारतही मोडतो, पण त्याकडे नंतर येऊ.)

मोठ्या देशांनाही कधी कधी ओळखीचा प्रश्न पडतो, नाही असे नाही. १९९३ साली हान्स हाके या जर्मन कलावंताने जर्मन दालनाची संगमरवरी फरशी फोडून तिचे तुकडे तसेच पसरून ठेवले होते. ती इमारत १९३८ साली नाझी राजवटीने आपल्या इतमामाला शोभेल अशी करून घेतलेली, म्हणून ती फोडणे हेच विधान. त्या वर्षी जर्मनीला सर्वोत्तम दालनाचा सुवर्णसिंह मिळाला. मला ती कलाकृती फार मोठी वाटते. पण एक गोष्ट त्या कौतुकात राहून जाते, ती अशी की फोडायलाही आधी स्वतःची फरशी लागते. भाड्याच्या गोदीत फरशी फोडली, तर लॅटव्हियाला डिपॉझिट परत मिळणार नाही.

यावर बरेच कलासमीक्षक म्हणतात, मग ही राष्ट्रीय दालनेच मोडीत काढा. एकोणिसाव्या शतकातल्या औद्योगिक जत्रांची ही शिळी कल्पना. कलावंत एका देशात जन्मतो, दुसऱ्यात शिकतो, तिसऱ्यात राहतो. त्याच्या कपाळावर झेंडा कशाला? युक्तिवाद बिनतोड दिसतो. लॅटव्हियाकडे पाहिले, की तो माझ्या तरी गळ्याखाली उतरत नाही.

या देशाच्या पाटीची गोष्ट थोडक्यात सांगतो. १८ नोव्हेंबर १९१८ला लॅटव्हिया स्वतंत्र झाला. जून १९४०मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, १९४१ ते ४४ नाझी, मग पुन्हा सोव्हिएत. पहिल्या कब्जाच्या वेळीच, २३ जुलै १९४०ला, अमेरिकेने हे विलीनीकरण मानत नसल्याचे जाहीर केले आणि पुढची ५० वर्षे ते मानले नाही. म्हणजे नकाशावर नसलेल्या देशाचे वकिलातीवरचे नाव तेवढे शाबूत होते. ४ मे १९९० रोजी स्वातंत्र्याची पुनःस्थापना जाहीर झाली, ऑगस्ट १९९१मध्ये ती प्रत्यक्षात आली. लॅटव्हियन माणूस 'नवा देश' म्हणत नाही, 'परत आलेला देश' म्हणतो. त्यांचे सारे कायदे याच शब्दावर उभे आहेत.

या काळात कलावंतांचे काय झाले? गुस्ताव्स क्लुत्सिसचे उदाहरण घ्या. १८९५चा जन्म, लॅटव्हियातल्या रुयिएना परिसरातला. क्रांतीच्या काळात लॅटव्हियन रायफलधाऱ्यांच्या तुकडीत होता, पुढे मॉस्कोत फोटो-माँटाजचा, म्हणजे फोटोंचे तुकडे जोडून चित्र करण्याच्या कलेचा, अग्रदूत झाला, सोव्हिएत सत्तेसाठी एकाहून एक जबरदस्त पोस्टर केली. १९३८ साली त्याच सत्तेने त्याला गोळी घातली. गुप्त पोलिसांची ती मोहीमच 'लॅटव्हियन' नावाने चालली होती. आयुष्यभर ज्याने राष्ट्राच्या पलीकडचे चित्र रंगवले, त्याला मरताना राष्ट्र चिकटवले गेले. त्यामुळे 'आता राष्ट्र वगैरे जुने झाले' असे कोणी बागेतल्या स्वतःच्या इमारतीत बसून म्हणू लागले, की मला ते वाडा असलेल्या माणसाने भाडेकरूला अपरिग्रह शिकवण्यासारखे वाटते.

तेव्हा पाटी हवी. लॅटव्हियाने ती व्हेनिसमध्ये प्रथम लावली १९९९ साली, स्वातंत्र्य परत मिळाल्यावर आठ वर्षांनी. तोवर सोव्हिएत संघाचे दालन, १९१४ साली झारच्या काळात बांधलेले, बागेत उभे होतेच. तिथून लॅटव्हियाच्या राजधानीतला, रिगाचा कलावंत गेला असता तरी पाटी दुसऱ्याचीच असती.

पण पाटी लावली, की आत काय ठेवायचे?

सोपे उत्तर म्हणजे नक्षी. लॅटव्हियाकडे नक्षीचा तोटा नाही. लिएलवार्दे गावचा लाल-पांढरा विणलेला कमरपट्टा आहे, 'औसेक्लिस' नावाचा आठ टोकांचा तारा आहे, लोकरी हातमोज्यांवरचे शेकडो नमुने आहेत. नोव्हेंबर २००६मध्ये रिगात नाटो देशांची शिखर परिषद भरली, तेव्हा पाहुण्यांना हाताने विणलेल्या हातमोज्यांचे सुमारे ४,५०० जोड भेट दिले गेले. प्रत्येक प्रांताची वेगळी वीण. मला हे हातमोजे आवडतात, खोटे कशाला बोलू. रणगाड्यांची चर्चा करायला आलेल्या जनरलच्या हातात एखाद्या आजीने विणलेले मोजे जावेत, यात एक मिस्कील शहाणपण आहे.

आणि ही नक्षी नेहमीच निरुपद्रवी नव्हती. १९८०च्या दशकाच्या शेवटी औसेक्लिसचा तारा छातीला लावून रस्त्यावर येणे हे धाडस होते. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनियातल्या तालिनपासून रिगामार्गे लिथुआनियातल्या विल्निअसपर्यंत ६०० किलोमीटरहून लांब मानवी साखळी उभी राहिली. जवळपास वीस लाख माणसांनी हात धरले होते. त्या गर्दीत हा तारा राजकीय होता. आज तो रिगाच्या जुन्या शहरातल्या दुकानांत फ्रिजला लावायच्या चुंबकावर मिळतो. तारा तोच आहे, पण तो लावल्याने आता कोणाला अटक होत नाही. आणि ज्याने अटक होत नाही ते आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात 'आमची ओळख' म्हणून मांडणे हे फार तर पर्यटन खात्याचे काम.

आपल्याकडे हे कळायला लांब जावे लागत नाही. परदेशातल्या कुठल्याही महोत्सवात महाराष्ट्राचा कोपरा कसा सजतो ते डोळ्यांपुढे आणा: भिंतीवर वारली, टेबलावर पैठणी, दारात फेटे आणि लेझीम. वारली ज्यांच्या घरच्या भिंतीवर जन्मली, त्यांच्या जमिनींचे काय झाले हे त्या भिंतीवर कधी येत नाही.

लॅटव्हियाच्या बाबतीत मला कौतुक वाटते ते यासाठी, की व्हेनिसमध्ये त्यांनी हा मोह बहुतेक वेळा टाळला. पहिल्याच वर्षी, १९९९ला, तिथे इंता रुका यांची छायाचित्रे होती. रुका जुन्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याने, आहे त्या उजेडात, १९८३पासून बाल्वी भागातल्या खेडुतांचे फोटो काढत होत्या. माणसाशी बोलत बसायचे, बसायचे, मग फोटो. आणि फोटोखाली त्याचे नाव, त्याची हकिकत. यात राष्ट्रीय पोशाख नाही. चिखलाचे बूट आहेत, पत्र्याची बादली आहे, वाकलेली म्हातारी आहे. सोव्हिएत काळात शेतकऱ्याचा फोटो म्हणजे हसतमुख ट्रॅक्टरचालक. त्या पार्श्वभूमीवर नावागावासह एका थकलेल्या माणसाकडे नुसते बघत राहणे हीच उलथापालथ होती. पण ते समजायला राष्ट्राची नव्हे, त्या म्हातारीची चौकशी करावी लागते.

२०१५चे दालन मला याहून खट्याळ वाटते. कात्रीना नेइबुर्गा आणि आंद्रिस एग्लीतिस यांनी आर्सेनालेत लाकूड-फाट्याची, जुन्या खिडक्या-फळ्यांची एक चढती-उतरती झोपडी रचली. नाव 'काख'. होय, शरीराची काख. आत व्हिडिओ, गॅरेजमध्ये खुडबुड करणाऱ्या पुरुषांचे. सोव्हिएत शहरांत गाडीच्या गॅरेजांच्या रांगाच्या रांगा असत, आणि गाडी असो वा नसो, पुरुष मंडळी तिथे जाऊन काहीतरी ठोकत, जोडत, सोलत बसत. कारखान्यात माल राज्याचा, घरात जागा अपुरी. तेव्हा हे गॅरेज म्हणजे माणसाची स्वतःची अशी एकमेव काख. संस्कृती मंत्रालयाच्या पैशाने, आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर, देशाच्या नावाखाली काय ठेवले तर स्क्रू आणि घाम. यापेक्षा लॅटव्हियन काय असेल ते मला सांगता येत नाही, आणि तरी जबलपूरच्या किंवा मिरजेच्या एखाद्या निवृत्त फिटरला ते एका नजरेत कळेल.

सगळीच वर्षे इतकी भरीव नव्हती. २०१७चे मिकेलिस फिशर्सचे काळ्या लाकडावरचे कोरीव काम, परग्रहवासी आणि कटकारस्थानांचे, मला पहिल्या हसण्यापुढे नेत नाही. २०१९ला दाइगा ग्रान्तिन्याच्या कापड-प्लास्टिक-सिलिकॉनच्या अमूर्त रचना होत्या. त्यांत लॅटव्हिया शोधू पाहणाऱ्याच्या हाती काही लागले नसेल, आणि तसेच व्हायला हवे होते. त्याच वर्षी शेजारच्या लिथुआनियाने सुवर्णसिंह पटकावला तो एका कृत्रिम समुद्रकिनाऱ्याने: वाळूवर पहुडलेली माणसे गात आहेत आणि प्रेक्षक वरच्या सज्जातून बघताहेत. तिथे 'हे लिथुआनियन कसे?' असे फारसे कोणी विचारले नाही. विषय हवामानाचा, ऊन सर्वांचे. जकातनाका चुकवायची ही एक वाट आहे खरी. पण प्रत्येक लहान देशाने कायम 'जागतिक' विषयच काढावेत असे ठरले, तर तीही जकातच; फक्त नाणे वेगळे.

२०२२बद्दल जरा सविस्तर बोलायला हवे. त्या वर्षी लॅटव्हियाच्या दालनात होती 'स्कुया ब्रेडन' ही जोडी: इंगूना स्कुया लॅटव्हियाची, मेलिसा ब्रेडन कॅलिफोर्नियाची. दोघी दोन दशकांहून जास्त काळ एकत्र काम करतात, एकत्र राहतात. माध्यम चिनीमाती. दालनभर त्यांनी आपले घर मांडले होते, म्हणजे घराच्या वस्तू आणि घरात राहणाऱ्यांच्या मनातल्या वस्तू: पलंग, भांडी, फुलदाण्या, शरीराचे अवयव, पाण्याची नळी. नळीकडेच बघा. बागेत गुंडाळून पडलेली असते तशी, वळसे घातलेली. फक्त ती भट्टीतून काढलेल्या ठिसूळ, झिलईदार पोर्सेलिनची. वाकणे हाच जिचा धर्म, ती वस्तू वाकवली तर फुटेल अशा पदार्थात केलेली. मी त्या नळीच्या फोटोपाशी बराच वेळ थबकलो होतो.

आता हिला लॅटव्हियन म्हणायचे का? परंपरेचे बोट धरले तर नक्कीच. रिगा चिनीमातीचे जुने केंद्र. पण ती परंपरा घातली कोणी? एकोणिसाव्या शतकात कुझ्नेत्सोव नावाच्या रशियन, जुन्या पंथाच्या व्यापारी घराण्याने आणि येस्सेन या जर्मनाने. मग सोव्हिएत काळात कारखाने राष्ट्रीयीकृत. म्हणजे रिगाच्या घराघरांत कपाटात ठेवलेली 'आपली' बशी रशियन, जर्मन आणि सोव्हिएत हातांतून आलेली. ओळख नावाची वस्तू जवळून पाहिली, की बहुतेक वेळा अशीच निघते.

आणि कायदा? लॅटव्हियाच्या घटनेत २००६ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने विवाहाची व्याख्या स्त्री आणि पुरुष यांच्यापुरती ठेवली. २०२२ साली, या दोघींनी देशाच्या नावाने आपला पलंग व्हेनिसला मांडला तेव्हा, त्यांच्यासारख्या जोडप्यांना मायदेशी नोंदणीची सोय नव्हती. ती १ जुलै २०२४पासून आली. ज्या घराला राज्य घर मानत नव्हते, त्याच घराला राज्याने आपला दूत करून पाठवले. हा विरोधाभास निवडसमितीच्या ध्यानात होता की नव्हता, मला फरक पडत नाही. दालन म्हणजे देशाची जाहिरात असे मानले असते, तर ही निवड झालीच नसती.

इथवर मी लॅटव्हियाची बाजू घेतली. आता जी गोष्ट मला खटकते ती.

या देशातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांची घरची भाषा रशियन आहे. यातले बरेच जण सोव्हिएत काळात आलेल्यांची मुले-नातवंडे. पण कित्येक घराणी शतकानुशतकांची. लोकसंख्येतला जवळपास दहावा भाग आजही 'अ-नागरिक' म्हणून नोंदलेला आहे: हातात लॅटव्हियाने दिलेला पासपोर्ट, पण मताधिकार नाही. २५ ऑगस्ट २०२२ला रिगातला सोव्हिएत विजयस्तंभ पाडला गेला. १९८५ साली उभारलेला, ७९ मीटर उंचीचा, लॅटव्हियन बहुसंख्यांच्या लेखी कब्जाची खूण. पण दर ९ मे रोजी, सोव्हिएत विजयदिनी, तिथे फुले घेऊन येणाऱ्या हजारोंच्या लेखी ती आजोबांची आठवण होती. युक्रेनवर बॉम्ब पडत असताना तो स्तंभ राहणे अशक्य होते, हे मला मान्य आहे. पण स्तंभ तळ्यात कोसळला तेव्हा ज्यांचे तोंड उतरले, त्यांचे काय, हा प्रश्नही त्याच देशाचा आहे. व्हेनिसच्या दालनात तो प्रश्न मध्यावर ठेवलेला मला आजवर दिसला नाही. कॅलिफोर्नियाची कलावंत 'लॅटव्हिया' होऊ शकते, ही या देशाची दिलदारी. दौगाव्पिल्सच्या वसाहतीतली गोष्ट 'लॅटव्हिया' व्हायला इतका वेळ का लागावा?

दौगाव्पिल्सवरून आठवले. बहुसंख्य रशियनभाषक असलेल्या या शहरात २०१३ साली मार्क रॉथको या अमेरिकन अमूर्त चित्रकाराच्या नावाने कलाकेंद्र उघडले, जुन्या किल्ल्यातल्या शस्त्रागारात. रॉथको तिथे १९०३ साली, झारच्या साम्राज्यात, ज्यू कुटुंबात जन्मला आणि दहाव्या वर्षी अमेरिकेला गेला. त्याला लॅटव्हियन म्हणणे ओढूनताणून आहे. पण त्याची मूळ चित्रे पाहायला लोक त्या दूरच्या गावी जातात, आणि त्या गावाला सांगायला काहीतरी मिळाले आहे. मला यात काही गैर वाटत नाही. मेलेल्या परक्याला आपले म्हणणे सोपे असते. जिवंत शेजाऱ्याला तसे म्हणणे जड जाते.

भारताचे इथे काय, असे विचाराल. मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे यांनी २०११ साली व्हेनिसमधल्या भारताच्या राष्ट्रीय दालनाची आखणी केली, तेव्हा त्यांनी झरीना हाश्मी, जिजी स्कारिया, प्रणीत सोई आणि गुवाहाटीचे 'डिझायर मशीन कलेक्टिव्ह' यांना एकत्र आणले. झरीना तेव्हा न्यू यॉर्कला राहणाऱ्या. गुवाहाटी आपल्या नकाशाच्या कडेला. म्हणजे 'भारत म्हणजे दिल्ली-मुंबई' हे उत्तर देण्याऐवजी त्यांनी प्रश्नच दालनात ठेवला. मग २०१३, १५, १७ अशी गैरहजेरी. २०१९ला गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीचे निमित्त मिळाले: जितिश कल्लाट यांनी गांधीजींचे हिटलरला लिहिलेले पत्र धुक्याच्या पडद्यावर पाडले, शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखते मांडली. त्यानंतर २०२२ आणि २०२४ला पुन्हा नाही. नागपूर शहराहून कमी लोकवस्तीचा, जेमतेम एकोणीस लाखांचा देश १९९९पासून दर खेपेला भाडे भरून खोली घेतो, आणि आपण २०११नंतर २०२४पर्यंत गेलो ते फक्त जयंतीला. ओळखीबद्दल आपण घरात जेवढे बोलतो, त्या मानाने हे नवलच.

तरी लॅटव्हियाचे चालले आहे ते सगळे आलबेल आहे असे नाही, आणि हे व्हेनिसमधून दिसत नाही. ते रिगात दिसते, किंवा खरे तर दिसत नाही, कारण तिथे समकालीन कलेचे स्वतंत्र संग्रहालय नाही. ठरले होते. २०१४ साली सरकार आणि दोन खासगी प्रतिष्ठाने यांच्यात करार झाला, आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, २०१६ला लंडनच्या नामांकित वास्तुरचनाकाराचा आराखडा निवडला गेला. दोनपैकी एक प्रतिष्ठान एका बँकेचे होते. फेब्रुवारी २०१८मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने त्या बँकेवर काळा पैसा धुण्याचा ठपका ठेवला आणि काही दिवसांत बँक बुडीत निघाली. आराखडा कागदावर राहिला. त्याच वर्षी रिगाने स्वतःची बिएनाले सुरू केली; ती चालत होती एका रशियन उद्योजक कुटुंबाच्या पैशावर. २०२०ला दुसरी झाली, २०२२ची तिसरी युद्धाने अडवली. म्हणजे देशाची ओळख मांडायला राज्य दर दोन वर्षांनी व्हेनिसला जाते, पण ती ओळख घडते ती जागा मात्र दुसऱ्याच्या खिशावर सोडलेली.

उरले ते जुगाडावर. १९९३ला अमेरिकन गुंतवणूकदार जॉर्ज सोरोस यांच्या पैशाने सुरू झालेले कलाकेंद्र पुढे लॅटव्हियाचे समकालीन कलाकेंद्र झाले. २००९च्या मंदीत, रिगातली दुकाने धडाधड बंद होत असताना, त्यांनी रिकाम्या इमारतींत कला मांडायचा 'सर्व्हायव्हल किट' हा उत्सव काढला. तो अजून चालतो, दर वर्षी नवी पडीक इमारत शोधून. 'काख' रचणारे हात कुठल्या शाळेत तयार झाले, हे यावरून कळते.

या सगळ्यात मला राहून राहून एक कपाट आठवते. क्रिश्यानिस बारोन्स हे एकोणिसाव्या शतकातले संकलक, 'दाइना' नावाची चार ओळींची लोकगीते गोळा करणारे. दाइना म्हणजे आपल्या जात्यावरच्या ओवीची दूरची बहीण समजा: बहुतेक बायकांची, कामाची, सासर-माहेराची, सूर्याची. गावोगावहून लोक गाणी लिहून पाठवत. बारोन्स ती ३ सेंटिमीटर रुंद, ११ सेंटिमीटर लांब अशा चिठोऱ्यांवर उतरवत. चिठोऱ्या वाढल्या, तेव्हा १८८० साली त्यांनी एका सुताराकडून कपाट करून घेतले. ७० खण, प्रत्येक खणात २० कप्पे. आज त्यात २ लाख ६८ हजारांहून जास्त चिठोऱ्या आहेत आणि ते रिगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. कपाट बनले मात्र मॉस्कोत, कारण बारोन्स तेव्हा तिथे मास्तरकी करत होते. लॅटव्हिया नावाचे राज्य जन्माला यायला अजून ३८ वर्षे होती.

त्या कपाटात नक्षी नाही. साधे लाकूड, साधे खण. बारोन्सनी ते कोणाला दाखवायला केले नव्हते. चिठोऱ्या हरवू नयेत म्हणून केले होते.

२०२४ला आमांदा झिएमेलेची, चौकट सोडून भिंतीवरून बाहेर आलेली चित्रे व्हेनिसला गेली. दालनाचे नाव शेक्सपिअरच्या एका ओळीवरून घेतलेले, अनोळख्याचे अनोळखी म्हणूनच स्वागत कर असे सांगणाऱ्या. नोव्हेंबरच्या शेवटी प्रदर्शन संपले. मग नेहमीचे: आर्सेनालेच्या त्या खोलीतून सामान उतरवायचे, पेट्यांत भुसा भरायचा, पाटी काढायची. काख, चिनीमातीची नळी, लंबकासारखे झुलणारे झाड, सगळे याच वाटेने परतले असणार. परतले ते रिगातल्या नेमक्या कुठल्या दाराशी, हे विचारायला हवे.